लघुग्रह सापडला, मग नाव कधी?

प्रश्न थोडक्यात असा: एका शोधमोहिमेत तुम्हाला छायाचित्रांचे संच मिळाले, त्यात एक हलणारा ठिपका तुम्ही पकडला, तो मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह असावा असं ठरलं आणि ‘प्राथमिक शोध’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र आलं. आता तुम्ही विचारताय की त्याला आजीचं नाव कधी देता येईल, अर्ज कुठे करायचा आणि पैसे किती लागतात.

पैशांचं आधी उरकतो. एक पैसाही लागत नाही आणि कुणी मागितले तर तो तुम्हाला फसवतोय. बाकीचं उत्तर लांब आहे, कारण ‘सापडला’ हा शब्द वर्तमानपत्रात ज्या अर्थाने येतो त्या अर्थाने या कामात कुणी वापरत नाही. ठिपका दिसणं हे एका रात्रीचं काम. तो पुढे कधीही, कुणालाही, सांगितल्या जागी पुन्हा दिसेल इतकी त्याची कक्षा पक्की करणं हा शोध. त्याला वर्षं लागतात आणि नाव त्याच्याही नंतर येतं.

तुम्ही नेमकं काय पाहिलंत ते बघू. आकाशाच्या एकाच तुकड्याची तीन-चार छायाचित्रं, दोन छायाचित्रांमध्ये दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. ती एकामागून एक भराभर दाखवली की तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा ठिपका टुणटुण पुढे सरकतो. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असताना, तासाला साधारण ३० ते ४० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतो. तेही उलटा, पश्चिमेकडे, कारण आतल्या कक्षेतून धावणारी पृथ्वी त्याला मागे टाकत असते. मिनिटाला अर्ध्या विकलेहून थोडं जास्त, बारा मिनिटांत सातेक विकला. या चालीची नजरेला सवय झाली की निम्मं काम वेगावरूनच होतं. फार पळतोय? पृथ्वीजवळचा असू शकेल. रेंगाळतोय? मग गुरूच्याच कक्षेत त्याच्या पुढे-मागे फिरणारा, म्हणजे ट्रोजन, किंवा त्याहून दूरचा.

फसवणारे ठिपकेही पुष्कळ. डिटेक्टरवरचा बिघडलेला पिक्सेल, वैश्विक किरणाचा ओरखडा, शेजारच्या तेजस्वी ताऱ्याचं दुर्बिणीच्या आतच तयार झालेलं भूत. मंद प्रतीच्या टोकाला (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) काम करताना तर नुसत्या नॉइजमधले चार ठिपके योगायोगाने ओळीत येऊन बसतात. मी सरळ रेषा बघतो, सरकलेलं अंतर वेळेच्या प्रमाणात आहे का ते बघतो, चारही छायाचित्रांत प्रत साधारण तीच आहे का ते बघतो आणि सर्वांत शेवटी ठिपक्याचा आकार. माझा खरा भरवसा त्या आकारावर. वातावरणातून आलेला प्रकाश तीन-चार पिक्सेलभर पसरतो, मध्ये उजळ आणि कडेला मंद होत जातो, शेजारच्या ताऱ्यांसारखाच. एकाच पिक्सेलवर सुईसारखं टोक उभं राहिलं असेल तर ते आकाशातून आलेलं नाही, कितीही ओळीत असलं तरी.

घड्याळाचंही सांगून टाकतो, कारण त्यात मी स्वतः पोळलोय. सुरुवातीच्या काळात एका रात्री मला एकाच फ्रेममध्ये तीन ‘नवे’ लघुग्रह मिळाले. झोप उडाली. कुठल्याच ज्ञात लघुग्रहाच्या जागेशी ते जुळत नव्हते. पहाटे चहा घेताना लक्षात आलं की जवळच तीन ज्ञात लघुग्रह असायला हवेत आणि ते मात्र कुठेच दिसत नाहीत. तिघांच्या अपेक्षित जागा आणि माझे तीन ठिपके, प्रत्येक जोडीत तीस-पस्तीस विकलांचा फरक, आणि तिन्ही फरक पश्चिमेकडे. कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर एक तास मागे होतं. तेव्हापासून वेध घ्यायला, म्हणजे ठिपक्यांच्या जागा मोजायला, बसलो की पहिलं काम वेळ जुळवणं, दुसरं काम मागच्या आठवड्यातला एखादा ज्ञात लघुग्रह मोजून स्वतःलाच तपासणं.

समजा तुमचा ठिपका या सगळ्यातून पार पडला आणि ज्ञात लघुग्रहांच्या यादीशीही जुळला नाही. त्याचे वेध मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातात. ही जगभरच्या लघुग्रहांची आणि धूमकेतूंची वही सांभाळणारी संस्था, अमेरिकेत केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे. १९४७ मध्ये ती सिनसिनाटीत सुरू झाली आणि १९७८ मध्ये केंब्रिजला गेली. स्वतःची दुर्बीण असेल तर आधी ज्ञात लघुग्रहांचे नीट मोजलेले वेध पाठवून वेधशाळेचा तीन अक्षरी संकेत मिळवावा लागतो. तुम्ही दुसऱ्यांच्या छायाचित्रांवर काम केलंत, त्यामुळे तुमचे वेध त्या दुर्बिणीच्या संकेताखाली गेले. हे लक्षात ठेवा, पुढे श्रेयाच्या वेळी याचाच संबंध येतो.

एका रात्रीच्या त्या तीन-चार वेधांना ट्रॅकलेट म्हणतात. ट्रॅकलेटवरून ठिपका आकाशात कुठे आहे आणि कुठल्या दिशेला किती वेगाने सरकतोय एवढं कळतं. तो किती लांब आहे हे धड कळत नाही. जवळचा छोटा दगड आणि लांबचा मोठा दगड, दोघं तासाभराच्या पुराव्यात सारखेच दिसू शकतात. म्हणून दुसरी रात्र लागते. ती मिळाली नाही तर ट्रॅकलेट बेवारस वेधांच्या साठ्यात पडून राहतं. त्या साठ्यात लाखो ट्रॅकलेट्स आहेत. प्राथमिक शोधाच्या प्रमाणपत्रांपैकी बरीचशी या टप्प्याच्या पुढे जात नाहीत. प्रमाणपत्र खोटं नसतं, ‘प्राथमिक’ हा शब्द त्यावर लिहिलेलाच असतो, पण बातमी देणारा तो गाळतो.

दुसऱ्या रात्रीचे वेध जुळले, कक्षा ढोबळ का होईना बसली, की तात्पुरतं नामांकन मिळतं. ते वाचता येणं मजेचं आहे, म्हणून एक सोडवून दाखवतो. ‘१९९९ व्हीडी५७’. १९९९ हे वर्ष. पहिलं अक्षर पंधरवडा सांगतं: ए म्हणजे जानेवारीचा पहिला, बी दुसरा, असं करत वायपर्यंत चोवीस पंधरवडे. आय हे अक्षर एकाशी गोंधळ होतो म्हणून वगळलंय. व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. दुसरं अक्षर त्या पंधरवड्यातला अनुक्रम सांगतं, ए ते झेड, पुन्हा आय सोडून, म्हणजे पंचवीस अक्षरं. डी चौथं. शेवटचा ५७ म्हणजे पंचवीसची सत्तावन्न आवर्तनं आधीच संपली. ५७ गुणिले २५ अधिक ४, म्हणजे १४२९. नोव्हेंबर १९९९ च्या पहिल्या पंधरवड्यात नामांकन मिळालेली ती १४२९वी वस्तू. आणि ही पंचवीस वर्षांपूर्वीची गर्दी. २०२५ च्या जूनमध्ये चिलीतल्या रुबिन वेधशाळेने पहिली छायाचित्रं जाहीर केली तेव्हा जेमतेम दहा तासांच्या निरीक्षणांतून २१०४ नवे लघुग्रह निघाले होते.

आता श्रेय कुणाचं. पुष्कळांना वाटतं की ज्याने सर्वांत आधी पाहिला तो शोधक. तसं नाही. २०१० पासूनचा नियम असा की ज्या प्रतियुतीत दुसऱ्या रात्रीचा वेध सर्वांत आधी कळवला गेला ती प्रतियुती धरायची आणि तिच्यातला सर्वांत आधी कळवलेला वेध ज्याचा, तो शोधक. ‘कळवलेला’ या शब्दावर बोट ठेवा. कुणी उद्या तीस वर्षांपूर्वीच्या छायाचित्राच्या प्लेटवर तुमचा लघुग्रह शोधून काढला तर कक्षेला त्याचा भरपूर फायदा होतो, तुमच्या श्रेयाला धक्का लागत नाही. पण कुणी पंधरा वर्षांपूर्वी लागोपाठ दोन रात्री पाहून कळवला असेल, तेव्हाचं नामांकन वहीत असेल आणि पुढे तो हरवला असेल, तर दोन्ही नोंदी एकाच वस्तूच्या आहेत हे सिद्ध झाल्यावर श्रेय त्याचं. हे वरचेवर होतं. पहिल्यांदा झालं की फार लागतं. नंतर सवय होते, आणि एखाद्या वेळी उलट दिशेने तुमच्याही पदरात पडतं.

कक्षा पक्की होण्यासाठी एवढा आटापिटा कशाला, ते पहिल्याच लघुग्रहाने दाखवून दिलं होतं. १ जानेवारी १८०१ च्या रात्री पालेर्मोला ज्युसेप्पे पियाझी ताऱ्यांची यादी करत बसला होता. एक ‘तारा’ दुसऱ्या रात्री जागेवर नव्हता. तोच पुढे सिरीस म्हणून ओळखला गेला. ११ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे ४१ दिवस, त्याने तो धरून ठेवला. मग तो आजारी पडला आणि बाकी युरोपला बातमी पोचेपर्यंत वस्तू सूर्याच्या तेजात गेली. पलीकडून कुठे बाहेर येईल ते कुणालाच सांगता येईना. चोवीस वर्षांच्या गाऊस या गणितज्ञाने एवढ्याशा वेधांवरून कक्षा काढण्याची पद्धत शोधली आणि १८०१ च्या शेवटच्या रात्री फॉन झाख या खगोलज्ञाला, लगोलग ओल्बर्स या दुसऱ्या खगोलज्ञाला, ती वस्तू गाऊसने सांगितलेल्या भागात सापडली. पहिला शोध पियाझीचा खरा, पण मला विचाराल तर सिरीस खऱ्या अर्थाने हातात आला तो वर्षभराने, गाऊसच्या कागदावर. या कामाची कदर ओल्बर्सने छान केली. १८०७ मध्ये त्याला चौथा लघुग्रह मिळाला तेव्हा नाव ठेवण्याचा मान त्याने गाऊसला दिला. गाऊसने ठेवलेलं नाव म्हणजे वेस्टा.

पुढे छायाचित्रण आलं, १८९१ मध्ये माक्स वोल्फ या जर्मन खगोलज्ञाने पहिला लघुग्रह प्लेटवरून शोधला आणि शोधांचा पूर लोटला. मग घाईने क्रमांक आणि नावं देण्याचे परिणामही दिसले. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत सेथ निकोल्सन आणि हार्लो शॅपली यांना एक मंद लघुग्रह मिळाला. ८७८ हा क्रमांक आणि शॅपलीच्या तान्ह्या मुलीचं ‘मिल्ड्रेड’ हे नाव त्याला मिळालं. आणि तो हरवला. थोड्याच वेधांवर कक्षा बसवली होती, ती ढिली निघाली. १९९१ मध्ये तो पुन्हा ओळखला गेला तोवर मिल्ड्रेड पंचाहत्तरीची होऊन गेली होती, आणि गंमत म्हणजे तोवर तिची कारकीर्द ग्रहविज्ञानाच्या पुस्तकांच्या संपादनात गेली होती. याहून भारी गोष्ट ३३० क्रमांकाची. वोल्फने १८९२ मध्ये नोंदवलेला आणि ‘अडालबेर्टा’ हे नाव लागलेला हा लघुग्रह नव्वद वर्षांनी तपासला तेव्हा तिथे लघुग्रहच नव्हता. दोन वेगवेगळे तारे एकच सरकणारी वस्तू समजून मोजले गेले होते. मग क्रमांक आणि नाव वोल्फच्याच दुसऱ्या एका लघुग्रहाला देऊन टाकलं.

म्हणून आता क्रमांक हात आखडून देतात. मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहाला साधारण चार प्रतियुत्यांचे वेध लागतात आणि पुढच्या अनेक वर्षांतली त्याची जागा चोख सांगता यावी लागते. प्रतियुती येते दर १५ ते १७ महिन्यांनी, लघुग्रह पट्ट्यात किती आत-बाहेर आहे त्यानुसार. तीन अंतरं धरली तरी चार वर्षं गेलीच. त्यातही प्रत्येक प्रतियुती कामाची नसते. समजा तुमचा लघुग्रह सूर्यापासून २.१ ते ३.१ खगोलीय एककं (एक एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं अंतर) अशा लंबगोल कक्षेत फिरतोय. जवळच्या टोकाला प्रतियुती आली तर पृथ्वीपासून १.१ एककांवर, दूरच्या टोकाला आली तर २.१ वर. सूर्यप्रकाश कमी मिळतो आणि तो पोचतोही लांबून, असा दुहेरी तोटा. हिशेब केला तर सव्वादोन प्रतींचा फरक निघतो, म्हणजे आठपट मंद. तुम्हाला तो २१व्या प्रतीला सापडला असेल आणि जवळच्या टोकाला सापडला असेल (मंद लघुग्रह बहुधा तिथेच सापडतात), तर दूरच्या टोकाला बरीच मोठी सर्वेक्षणंसुद्धा तो सहज पकडणार नाहीत. प्रतियुतीच्या काळात तो आकाशगंगेच्या दाट पट्ट्यात असेल तर ताऱ्यांच्या गर्दीत तोही हंगाम वाया. सहा ते दहा वर्षं हा माझा नेहमीचा अंदाज. जुन्या छायाचित्रांत तो आधीच कुणाच्या नकळत टिपला गेला असेल तर मात्र हे फार लवकर उरकतं. म्हणून नामांकन मिळाल्याबरोबर जुने साठे चाळायचे, पुढच्या प्रतियुतीची वाट बघत बसायचं नाही.

क्रमांक मिळाला की मग नावाचा विषय निघतो. क्रमांक लागल्यापासून दहा वर्षं शोधकाला नाव सुचवण्याचा हक्क असतो. मान्यता देते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची लहान वस्तूंच्या नामकरणाची समिती, आणि तिच्या पत्रिकेत नाव छापून आलं की ते अधिकृत. नियम फार नाहीत. रोमन अक्षरांत जास्तीत जास्त १६ चिन्हं, त्यात मोकळी जागाही मोजतात. शक्यतो एकच शब्द, कुठल्या तरी भाषेत उच्चारता येईल असा, अपमानकारक नाही, आधीच्या नावांशी घोळ होईल इतका सारखा नाही. व्यापारी नाव चालत नाही. राजकारण किंवा युद्धामुळे ओळखल्या जाणाऱ्या माणसाचं नाव त्याच्या मृत्यूनंतर शंभर वर्षं उलटल्याशिवाय नाही. स्वतःचं नाव स्वतः शोधलेल्या लघुग्रहाला देत नाहीत. पाळीव प्राण्यांची नावं नकोत असंही सांगतात, आणि त्यामागे इतिहास आहे: वोल्फने आपल्या कुत्र्यांवरून ४८२ पेट्रिना आणि ४८३ सेप्पिना ही नावं ठेवली तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती, पण १९७१ मध्ये सापडलेल्या २३०९ ला शोधकाने आपल्या मांजराचं नाव दिलं आणि त्यावरून बरीच कुरबुर झाली. पृथ्वीजवळच्या लघुग्रहांना पुराणकथांतली नावं, ट्रोजनना ट्रॉयच्या युद्धातली, अशा चाली आहेत. मुख्य पट्टा त्या मानाने मोकळं रान.

नावाला घाई नसते, हे उदाहरणांनी जास्त पटेल. मघाचा ‘१९९९ व्हीडी५७’ क्रमांक १५२८३० होऊन निनावीच फिरत होता. लूसी यानाच्या वाटेजवळ तो येतो हे लक्षात आल्यावर २०२३ च्या सुरुवातीला त्याचं ‘डिंकिनेश’ झालं आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला यान जवळून गेलं. जेमतेम पाऊण किलोमीटरचा हा दगड, पण त्याला एक उपग्रह निघाला आणि तो उपग्रहही दोन गोळे एकमेकांना चिकटलेला. ‘२००६ व्हीपी३२’ नोव्हेंबर २००६ मध्ये सापडला आणि २०१९ मध्ये ‘पंडितजसराज’ झाला. त्याचा क्रमांक ३००१२८ दोन-दोन आकडे धरून उलट्या क्रमाने वाचा: २८-०१-३०, पंडितजींची जन्मतारीख. क्रमांक मागून मिळत नाहीत, पण लाखो क्रमांकांत जुळणारा शोधून काढायला कुणाची बंदी नाही, आणि तो कुणाच्या तरी डोक्यात आला याची मला दाद द्यावीशी वाटते. मद्रास वेधशाळेतून १८६१ मध्ये पॉगसनने शोधलेल्या ६७ क्रमांकाला मात्र नाव शोधायला लागलं नाही. या खंडातून सापडलेला तो पहिलाच, म्हणून ‘आशिया’.

आज क्रमांक लागलेले लघुग्रह आठ लाखांच्या वर आहेत आणि नाव असलेले साधारण पंचवीस हजार. मोठ्या सर्वेक्षणांच्या खात्यावर हजारो क्रमांक बिननावाचे पडून आहेत. तिथेच तुमचा प्रश्न अडतो. तुम्ही ज्या छायाचित्रांवर काम केलंत ती अशाच एखाद्या सर्वेक्षणाची असणार, आणि अधिकृत नोंदीत शोधक म्हणून बहुधा त्या सर्वेक्षणाचं नाव लागेल. नाव सुचवण्याचा हक्क तुमच्यापर्यंत येतो का, कसा येतो, हे त्या सर्वेक्षणाचं आणि मोहिमेचं आपसात काय ठरलंय त्यावर आहे. प्रमाणपत्रासोबत आलेले नियम नीट वाचा आणि त्यात सापडलं नाही तर संयोजकांना आत्ताच लेखी विचारा. दहा वर्षांनी विचारायला गेलात तर तेव्हाची माणसं तिथे असतील याची खात्री नाही.

तोवर तुमच्या हातातलं काम एवढंच: ट्रॅकलेटला दुसरी रात्र मिळाली का ते बघा. मिळाली असेल तर तात्पुरतं नामांकन वहीत सापडेल. ते मायनर प्लॅनेट सेंटरच्या शोधपानावर टाकलं की वेध कुणी कधी घेतले, किती प्रतियुत्या झाल्या, दुसऱ्या कुठल्या नामांकनाशी त्याची ओळख पटली का, सगळं उघडं दिसतं. महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे. रोज बघाल तर वेड लागेल, स्वानुभव आहे.

आणि आजीचं नाव देता येतं, घरच्यांची नावं चालतात, वर मिल्ड्रेड आलीच आहे. नावासोबत दोन-तीन वाक्यांत त्या कोण होत्या आणि त्यांचंच नाव का, हे इंग्रजीत द्यावं लागतं. समितीला ते वाचून माणूस कळायला हवा, तुमचं प्रेम किती आहे ते नव्हे. नाव आणि आडनाव जोडून रोमन अक्षरांत लिहून मोजून बघा. सोळाच्या वर जात असेल तर नुसतं पहिलं नाव घ्या, पण आधी यादीत शोधा, कारण साधी, गोड पहिली नावं बरीचशी एव्हाना कुणी ना कुणी घेऊन ठेवलेली आहेत.